तुम्ही विचारलंत म्हणून: मांझुकिचच का?

फुटबॉलच्या गप्पा रंगल्या की हा प्रश्न मला हटकून येतो. मेस्सी आहे, रोनाल्डो आहे, ते सोडून मारिओ मांझुकिच कशाला? क्रोएशियाचा हा फॉरवर्ड आज जर्मनीत, उद्या स्पेनमध्ये, परवा इटलीत, कुठेच रमला नाही. शिवाय वर्ल्डकपच्या फायनलमध्ये त्याने आपल्याच जाळ्यात बॉल घातला. तो आवडता कसा? आमच्या कोल्हापुरात फुटबॉलवर माणसं रोखठोक बोलतात, तर उत्तरही तसंच देतो.

त्या स्वयंगोलापासूनच सुरुवात करू. १५ जुलै २०१८, मॉस्कोचं लुझनिकी स्टेडियम. १८व्या मिनिटाला फ्रान्सच्या ग्रिझमानची फ्री किक आली, मांझुकिच उंच उडाला, बॉल त्याच्या डोक्याला निसटता लागला आणि आत गेला. वर्ल्डकप फायनलमधला तो पहिलाच स्वयंगोल. पण मला सांगा, संघाचा सेंटर फॉरवर्ड, म्हणजे सगळ्यात पुढे खेळणारा माणूस, तिथे आपल्या गोलपुढे काय करत होता? बॉल बाहेर काढायला गेला होता. आता ६९वं मिनिट बघा. फ्रान्स ४-१ ने पुढे. बॉल मागे गोलकीपर लोरिसकडे गेला. तीन गोलांनी मागे असताना अशा बॉलमागे कोण पळतं? बहुतेक जण हात कमरेवर ठेवून उभे राहतात. मांझुकिच पळाला. लोरिस त्याला चकवायला गेला, याचा पाय मध्ये आला, बॉल जाळ्यात. सामना ४-२ ने गेला तो गेलाच. पण ते दोन्ही गोल एकाच सवयीतून आले, आणि मला तो आवडतो तो त्या सवयीमुळे. स्वयंगोलाचा फोटो दाखवून त्याची थट्टा करणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

त्याची भटकंती तर लहानपणीच सुरू झाली. जन्म १९८६ चा, साव्हा नदीकाठच्या स्लाव्होन्स्की ब्रोदमधला. क्रोएशियात युद्ध पेटलं तेव्हा कुटुंब जर्मनीत, श्टुटगार्टजवळच्या डिट्झिंगेनला गेलं. वडीलही फुटबॉलपटू. पोरगा तिथल्या क्लबात खेळायला लागला आणि १९९६ मध्ये घरी परतला. पुढे एनके झाग्रेब, मग २००७ मध्ये दिनामो झाग्रेब. दिनामोचा एदुआर्दो इंग्लंडच्या आर्सेनलला गेल्यावर त्याची जागा भरायला याला घेतलं होतं. २००८-०९ मध्ये १६ गोल करून तो क्रोएशियाच्या लीगमध्ये गोलांत पहिला आला.

२०१० मध्ये जर्मनीच्या वुल्फ्सबुर्ग क्लबात पोहोचला, तर तिथे पुढे स्ट्रायकर एडिन जेको. याला डावीकडे ढकललं. जेको गेल्यावर हक्काची जागा मिळाली. २०१२ च्या युरो स्पर्धेत तीन गोल केले आणि बायर्न म्युनिकने बोलावलं. प्रशिक्षक हाइंकेसच्या त्या संघाचं कौतुक करताना लोक रॉबेन-रिबेरी या विंगरांवर थांबतात. समोरच्या डिफेंडरला बॉल घेऊन वळूही द्यायचं नाही, हे काम सगळ्यात आधी मांझुकिच करायचा. लंडनच्या वेम्ब्लीवर २०१३ च्या चॅम्पियन्स लीग (युरोपातल्या क्लबांची सगळ्यात मोठी स्पर्धा) फायनलमध्ये डॉर्टमुंडविरुद्ध पहिला गोल त्याचाच. पुढच्या हंगामात प्रशिक्षक म्हणून गार्डिओला आला. लीगमध्ये १८ गोल करूनही जर्मन कपच्या फायनलला त्याला संघाबाहेर ठेवलं. त्याच्या जागी स्ट्रायकर लेवांडोव्स्की येणार हे ठरलेलंच होतं.

मग अ‍ॅटलेटिको माद्रिद. तिथला एक सामना माझ्या डोळ्यांपुढून जात नाही. एप्रिल २०१५, रिआल माद्रिदविरुद्ध चॅम्पियन्स लीगची क्वार्टर फायनल. रिआलचा डिफेंडर रामोस, त्याचं कोपर लागून याची भुवई फुटली, चेहरा रक्ताने माखला. पट्टी बांधून घेतली आणि पुन्हा त्याच रामोसला जाऊन भिडला.

इटलीच्या युव्हेंटसमध्ये गोष्ट आणखी अवघड झाली. २०१६ मध्ये नऊ कोटी युरो मोजून स्ट्रायकर इग्वाइनला आणलं. सेंटर फॉरवर्डची जागा गेली. जानेवारी २०१७ मध्ये प्रशिक्षक अलेग्रीने त्याला लेफ्ट विंगवर टाकलं. वय तिशीपार, अंगात वेग बेताचा. दुसरा कुणी असता तर एजंटला फोन लावला असता. हा अख्खी डावी बाजू वर-खाली पळत राहिला, मागे येऊन बॉल काढत राहिला. त्या वर्षी चॅम्पियन्स लीगच्या कार्डिफमधल्या फायनलमध्ये रिआलविरुद्ध इग्वाइनचा बॉल त्याने छातीवर घेतला, गोलकडे पाठ असतानाच हवेत उलटा झाला आणि गोलकीपर नवासच्या डोक्यावरून मारला. युव्हेंटस ४-१ ने हरलं, म्हणून तो गोल फार कुणाला आठवत नाही. माझ्या मते कुठल्याही फायनलमधला इतका देखणा गोल शोधून सापडायचा नाही.

‘रमला नाही’ म्हणणाऱ्यांनी हे बघावं. दोन वेळा तर त्याच्याच जागेवर मोठं नाव आणलं गेलं, आणि तो जिथे गेला तिथे त्याला नव्याने पटवून द्यावं लागलं. देशाच्या संघातही तेच. (भारताचा माजी प्रशिक्षक म्हणून आपल्याला माहीत असलेला इगोर श्टिमाच २०१२-१३ मध्ये क्रोएशियाचा प्रशिक्षक होता, तेव्हाही पुढे मांझुकिचच असायचा.) २०१८ च्या वर्ल्डकपमध्ये डेन्मार्क आणि रशियाविरुद्धचे सामने १२०-१२० मिनिटं चालल्यावर, इंग्लंडविरुद्ध तिसऱ्यांदा जादा वेळेत गेलेल्या सेमीफायनलमध्ये पाय अक्षरशः संपलेले. १०९व्या मिनिटाला पेरिसिचने डोक्याने मागे ढकललेला बॉल इंग्लंडचा डिफेंडर स्टोन्सच्या आधी मांझुकिचला दिसला. डावा पाय, गोल, आणि क्रोएशिया पहिल्यांदा फायनलमध्ये. त्या वर्ल्डकपनंतर तो देशाच्या संघातून निवृत्त झाला. ८९ सामने, ३३ गोल. देशासाठी केलेल्या गोलांत तेव्हा त्याच्या पुढे फक्त दावोर शुकर होता.

कतारच्या अल दुहैल क्लबनंतर २०२१ च्या जानेवारीत इटलीच्या एसी मिलानला आला, पण दुखापतींनी खेळूच दिलं नाही. एकही गोल झाला नाही. मार्चमध्ये मैदानावर उतरताच आलं नाही, म्हणून त्या महिन्याचा पगार त्याने घेतला नाही. क्लबने ती रक्कम आपल्या धर्मादाय संस्थेला दिली. त्याच सप्टेंबरात त्याने बूट ठेवले आणि नोव्हेंबरात प्रशिक्षक दालिचचा सहायक म्हणून राष्ट्रीय संघात परतला. पुढच्या वर्षी कतारच्या वर्ल्डकपमध्ये क्रोएशिया तिसरा आला, तेव्हा तो प्रशिक्षकांच्या त्याच ताफ्यात होता.