आमची वाटचाल : कानशीपासून चिपपर्यंत

आम्ही गाडीच्या चाव्या बनवतो, आमची सुरुवात साध्या चाव्यांवर झाली. माझा पार्टनर, आम्ही त्याला अण्णा म्हणतो, त्याचा कानशीवर असा हात होता की झिजलेली चावी बघून मूळ खाचा किती खोल असतील ते सांगायचा. मग इमोबिलायझर आलं, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय गाडी चालू न देणारी यंत्रणा, युरोपात १९९८ च्या आसपास सक्तीचं झालं आणि बघता बघता सगळीकडे पसरलं. ब्लेड, म्हणजे चावीची धातूची पाती, अगदी परफेक्ट कापली तरी गाडी सुरू होऊन लगेच बंद पडायची, कारण चिप ओळखीची नाही. लोकांना अजूनही वाटतं रिमोट चालला म्हणजे चावी झाली. रिमोट वेगळा (४३३ नाहीतर ३१५ मेगाहर्ट्झ), चिप वेगळी. चिपला सेलच लागत नाही, इग्निशनभोवतीच्या कॉइलकडून १२५ किलोहर्ट्झवर तिला पॉवर मिळते.

चिपची नोंद गाडीत करणारं मशीन, म्हणजे प्रोग्रामर घेतला, ते वापरायला लागणारे टोकन घेतले, मधली वर्षं बरी गेली. मग ते प्रकरण झालं.

आमच्या जुन्या गिऱ्हाईकाची चावी हरवली, दुसरीकडे स्वस्तात होतेय म्हणून तो तिकडे गेला. तिथल्या माणसाने गाडीची बॅटरी उतरलेली असताना, सपोर्टर (बॅटरीचा व्होल्टेज टिकवून धरणारा चार्जर) न लावता ओबीडीवरून, म्हणजे गाडीच्या डायग्नोस्टिक सॉकेटमधून, नव्या चावीचा डेटा लिहायला सुरुवात केली आणि रायटिंग अर्ध्यात तुटलं. बीसीएम, म्हणजे चावीची नोंद ठेवणारं गाडीतलं कंट्रोल मॉड्यूल, गप्प, मीटरवर लाइट नाही, गाडी टोइंगवर. आणि हा माणूस गिऱ्हाईकाला काय सांगतो तर आधीच्या चावीवाल्याने, म्हणजे आम्ही, मॉड्यूल खराब करून ठेवलेलं! हे त्याने मेकॅनिक लोकांत इतकं पसरवलं की आमच्याकडे नवीन काम येणं जवळजवळ थांबलं, टूलचा हप्ता थकला, अण्णा म्हणाला मशीन विकून टाकू.

ती गाडी शेवटी आमच्याकडेच आली. मी बीसीएम उघडला, त्यातला ९३सी६६ नावाचा आठ पायांचा ईईप्रॉम (डेटा साठवणारी मेमरी चिप) हॉट एअरने उचलला, सॉकेटवर ठेवून दोनदा वाचला, दोन्ही फाइल एकमेकींशी जुळवल्या. दोन्ही सारख्या, म्हणजे वाचन बरोबर, डेटाच अर्धा बिघडलेला. पण आम्ही आधी चावी केली होती तेव्हाचा ओरिजिनल डंप, म्हणजे त्या मेमरीची पूर्ण कॉपी, आमच्याकडे होता. तो लिहिला, मेमरी चिप परत सोल्डर केली, बॅटरी सपोर्टर लावून इग्निशन ऑन केलं, चावीचं चिन्ह लागलं आणि विझलं, पहिल्या सेल्फला गाडी सुरू. बदनाम ज्याच्यामुळे झालो त्याचं काम आम्हीच निस्तरलं, आणि हे त्याने आजवर एका शब्दाने कबूल केलेलं नाही. मला अजून राग आहे, का नसावा?

त्या काळात स्कूल व्हॅन चालवणाऱ्या एक ताई मात्र हलल्या नाहीत. लोकांनी घाबरवलं तरी आपली व्हॅन घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "दादा, माझ्यासमोर करा, मी बसते इथे." पुढे त्यांच्या ओळखीच्या सगळ्या व्हॅनवाल्यांच्या चाव्या आमच्याकडे यायला लागल्या, त्यावर हप्ते फिटले. अण्णा आता फक्त ब्लेड बघतो, मशीनवर कापलेली चावीसुद्धा अंगठा फिरवून तपासल्याशिवाय देत नाही.

आता विषय निघालाच आहे तर सांगतो. एक चावी हातात आहे तोवर दुसरी करून घ्या, सगळ्या हरवल्यावर काम कितीतरी पटीने वाढतं. प्रोग्रामिंगला जाताना घरातल्या सगळ्या चाव्या न्या, बऱ्याच गाड्यांत नवीन टाकताना जुन्या मेमरीतून उडतात. चावी चोरीला गेली असेल तर ती मेमरीतून काढायलाच सांगा आणि गाडीत एकूण किती चाव्या रजिस्टर आहेत ते स्क्रीनवर दाखवायला लावा. बॅटरी सपोर्टर न लावता कोणी लॅपटॉप जोडत असेल तर तिथेच थांबवा. आणि जो गाडीचे कागद, तुमचं ओळखपत्र न बघता चावी करायला तयार होतो, तो उद्या तुमच्या गाडीची चावी दुसऱ्यालाही करून देईल.