पालीचं पाऊल : चौथ्या महिन्याची नोंद

मागच्या नोंदीत लिहिलं होतं की मोबाइलच्या सेकंदाला २४० फ्रेमच्या स्लो मोशनमध्ये पालीचा पाय उचलताना दिसतो, पण टेकताना काय होतं ते कळत नाही. आता कळायला लागलंय. आधीचे दोन महिने ट्यूबलाइटने खाल्ले. आपली वीज ५० हर्ट्झची, म्हणजे दिवा सेकंदाला १०० वेळा मंदावतो. डोळ्यांना पत्ता लागत नाही, पण स्लो मोशनमध्ये भिंत नुसती लुकलुकते आणि नेमकी हवी ती फ्रेम काळी निघते. शेवटी तपकीर गल्लीतून १२ व्होल्टची एलईडी पट्टी आणली आणि बॅटरीवर लावली. लुकलुक बंद.

पट्टी हातात आल्यावर दुसरी कल्पना सुचली. पाल भिंतीवर असली की तळवा दिसत नाही, काचेवर असली की दिसतो. आमच्या कोथरूडच्या बाल्कनीत रात्री खोलीतल्या उजेडावर किडे येतात आणि त्यांच्या मागे पाली. काचवाल्याकडून ५ मिलिमीटर जाडीची, कडा घासलेली काच कापून आणली, बाल्कनीच्या दारात उभी बसवली आणि एलईडी पट्टी तिच्या कडेला चिकटवली. कडेतून शिरलेला प्रकाश काचेत आतल्या आतच परावर्तित होत राहतो, बाहेर येत नाही. काचेला काही अगदी घट्ट टेकलं की तेवढ्याच जागी तो निसटतो आणि ती जागा उजळते. म्हणजे पाल काचेवर चढली की तिचे ठसे आपोआप पेटतात!

पहिल्या रात्री पेटली ती फक्त धूळ. काच पुसली, तर पुसण्याच्या द्रावणाचे ओघळ पेटले. सासूबाई म्हणाल्या, "अगं, जुन्या धोतराने पूस, तंतू राहत नाहीत." तसं केलं. चौथ्या रात्री पाल आली.

बोटाखाली आडव्या पट्ट्यांच्या दोन रांगा असतात हे भिंगातून पाहिलं होतं. काचेवर त्या एकेक करून उजळतात. खरी मजा पाय सुटताना आहे. आधी बोटाचं टोक विझतं, मग उजेड तळव्याकडे सरकत जातो आणि शेवटी सगळं काळं. बोट टोकाकडून वर गुंडाळलं जातं, आपण चिकटपट्टी सोलतो तसं. माझ्याकडच्या चांगल्या क्लिपांमध्ये याला ४ फ्रेम लागतात, म्हणजे साधारण १७ मिलिसेकंद.

पालीच्या पायाला डिंक असतो किंवा ती हवा शोषून चिकटते, असं अजूनही लोक छातीठोक सांगतात. दोन्ही चूक. त्या पट्ट्यांवर केसापेक्षा बारीक रोम असतात, प्रत्येकाच्या टोकाला शेकडो फाटे, आणि ते पृष्ठभागाच्या इतक्या जवळ जातात की रेणूंमधलं व्हॅन डर वाल्स आकर्षण काम करतं. केलर ऑटम आणि सहकाऱ्यांनी २००० साली टोके गेको या मोठ्या पालीचा एकच रोम घेऊन बल मोजलं, सुमारे १९४ मायक्रोन्यूटन. आपल्या घरातली पाल ४ ग्रॅमची धरली तर तिचं वजन ३९,००० मायक्रोन्यूटन. आपल्या पालीचा रोम तितकाच जोरकस मानला तर दोनशेएक रोमांवर ती लटकेल, आणि रोम तर लाखोंनी असतात. त्यामुळे मला चिकटण्याचं कौतुक कमी झालंय. इतकी पकड असताना सेकंदात अनेकदा पाय सुटतो कसा, हे कोडं मोठं. उत्तर कोनात आहे. रोमाचा पृष्ठभागाशी कोन ३० अंशांपलीकडे गेला की तो आपोआप सुटतो. बोट गुंडाळणं म्हणजे हा कोन वाढवणं.

रोमांची पकड एकाच दिशेने लागते. बोट तळव्याकडे ओढलं गेलं तर धरतं, उलट ढकललं तर सुटतं. मग पाल डोकं खाली करून उतरते तेव्हा काय होतं? वजन डोक्याकडे ओढतंय, म्हणजे बोटं पुढे रोखलेली राहिली तर सगळं उलटच. उतरतानाच्या ११ क्लिपा जमल्यात. त्यातल्या ९ मध्ये मागचे पाय घोट्यातून वळून बोटं शेपटीकडे गेलेली दिसतात. पाल मागच्या पायांवर लटकत उतरते. उरलेल्या दोनमध्ये ती तिरकी उतरली, त्यामुळे त्या मी धरत नाही.

हे पाहिल्यावर कमला नेहरू पार्कातली खार आठवली. तीही झाडावरून डोकं खाली करून येताना मागचे पंजे उलटे फिरवते. तिच्याकडे रोम नाहीत, नखं आहेत, पण नखाचा आकडाही एकाच दिशेने अडकतो. घोरपडीचंही सगळं नखांवरच. सिंहगडाच्या यशवंतीची गोष्ट खरी की दंतकथा, हा वाद इथे उकरत नाही, पण तिच्या पायाखाली पालीसारखं काही नसतं. कडा चढायला तिला भेग किंवा खडबडीत कातळ लागणार. (कुणी गडावर घोरपड पकडून प्रयोग करायला जाऊ नका, ती वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहे.)

खाण्याच्या क्लिपा मात्र निराशाजनक. पतंगावर झेप घेताना पुढचे दोन्ही पाय सुटतात आणि मागचे पेटलेले राहतात, एवढंच पक्कं दिसलं. जबडा लागतो ती फ्रेम दर वेळी धूसर.

पावसाने आणखी एक गोष्ट दाखवली. काच ओली असली की पाण्यामुळे पाय उजळतात, पण घसरतात. काचेवर पाणी पसरतं आणि रोम काचेपर्यंत पोचतच नाहीत. मेणचट पानावर पाणी पसरत नाही, म्हणून ओल्या पानावर पालीची पकड टिकते. त्या रात्री एक पाल ओल्या पट्ट्यात फसून खाली आपटली. सासूबाईंनी लगेच पंचांग काढून पल्लीपतनाचं फळ पाहायला घेतलं. मी म्हटलं, "अहो आई, ती फरशीवर पडली, कुणाच्या अंगावर नाही." त्यांनी पंचांग मिटलं नाही. पडताना तिने शेपूट फिरवून अंग सरळ केलं का, ते मला हवं होतं. हवेत उलटी पडलेली पाल शेपटीच्या झटक्याने सेकंदाच्या दहाव्या भागात पालथी होते, हे २००८ साली प्रयोगात दाखवलं गेलंय. पण मोबाइल काचेकडे रोखलेला होता. आणि फक्त त्यासाठी पाल मुद्दाम पाडणार नाही.

पुढचा टप्पा, काच आडवी, छतासारखी. तिथे चारही पायांची बोटं मध्याकडे ओढताना दिसायला हवीत. काच दीड किलोची आहे आणि माझ्याकडचे क्लॅम्प पडदे धरायचे. कुणी एवढी काच डोक्यावर आडवी बसवली असेल तर कशावर टेकवली ते सांगा.