न चिकटणाऱ्या प्लास्टिकवर चुंबक बसवताना: ट्रॅक्टरसाठी बाटली होल्डर

ट्रॅक्टरच्या मडगार्डला, टेम्पोच्या केबिनमधल्या उघड्या पत्र्याला किंवा जीपला चुंबकावर टिकणारा बाटली होल्डर करायचा, तर बहुतेक जण घरातला एखादा डबा घेतात आणि त्याला सुपरग्लूने चुंबक चिकटवतात. मग पहिल्यांदा काढायला गेलं की डबा हातात येतो आणि चुंबक पत्र्यालाच राहतात. दोष गोंदाचा नसतो. डबा पॉलिप्रॉपिलीनचा (पीपी) किंवा पॉलिथिनचा असतो आणि या दोन्हींवर गोंद अळूच्या पानावरच्या पाण्यासारखा वागतो. पीपीची पृष्ठऊर्जा साधारण 30 मिलीन्यूटन प्रति मीटर, इपॉक्सीचा (दोन ट्यूब मिसळून करायच्या गोंदाचा) पृष्ठताण 45च्या आसपास. द्रवाचा ताण पृष्ठभागाच्या ऊर्जेपेक्षा जास्त असला की गोंद पसरतच नाही, नुसता टेकून बसतो.

ओळख सोपी आहे. तळाशी त्रिकोणात 5 असेल तर पीपी, 2 किंवा 4 असेल तर पॉलिथिन. खूण नसेल तर एक तुकडा कापून पाण्यात टाका, तरंगला तर याच जातीतला. गाडीच्या ट्रिमचा (आतल्या प्लास्टिकच्या आवरणाचा) तुकडा वापरत असाल तर ही चाचणी फसू शकते, कारण टाल्कची भुकटी जास्त घातलेला पीपी बुडतो. तिथे मागच्या बाजूला छापलेली PP किंवा PE अशी अक्षरं वाचायची. इंजिन ऑइलचा कॅन मात्र नकोच. त्यात तेल मुरलेलं असतं, कितीही घासला तरी वर येतंच.

आता मुद्द्याचं. शक्य असेल तर गोंदावर भारच येऊ द्यायचा नाही. चुंबक डब्याच्या बाहेर लावला की होल्डर ओढताना चुंबकाची सगळी ताकद गोंद उचकटायला लागते. तोच चुंबक आतल्या बाजूने लावला तर तो डब्याची भिंत स्वतःच पत्र्यावर दाबून धरतो आणि गोंदाला फक्त जागा राखायचं काम उरतं. किंमत एवढीच की मधल्या भिंतीमुळे ओढ कमी होते: 20×5 मिमीच्या (व्यास × जाडी) निओडायमियम चुंबकाच्या चकतीची ओढ 1 मिमी भिंतीमागे साधारण तिसऱ्या हिश्श्याने घटते, 2 मिमीमागे निम्म्याहून जास्त. म्हणून पातळ भिंतीचा डबा घ्या, आणि चौकोनी घ्या. गोल डबा पत्र्याला एका रेषेतच टेकतो.

ओढीपेक्षा मोठी अडचण घसरण्याची. चुंबकावर सांगितलेली ओढ जाड, कोऱ्या लोखंडावरची असते. रंगवलेल्या पातळ पत्र्यावर ती निम्म्यावर येते आणि गुळगुळीत रंगावरून खाली घसरायला तिचा पाचवा हिस्साही पुरतो. 1 लिटरची भरलेली बाटली 1 किलोची, खड्ड्यात तिचा झटका दुप्पट-तिप्पट. 20×5च्या चार चकत्याही इथे काठावरच. उपाय म्हणून मोटारसायकलच्या जुन्या ट्यूबचं रुंद कडं कापून डब्यावर ताणून चढवायचं. रबर रंगाला धरून राहतं आणि कड्याला गोंद लागतच नाही. चकत्या जितक्या वर लावाल तितकं बरं, कारण बाटलीचं वजन डब्याला वरच्या बाजूने पत्र्यापासून उलटवतं. खालचा भाग नुसता टेकतो.

चुंबक बाहेरच लावायचा असेल तर सर्वात भरवशाची रीत अशी: चकतीच्या जागी 3 मिमीची चार-पाच भोकं पाडा आणि आतल्या बाजूने ती 6 मिमीच्या ड्रिलने अर्ध्या जाडीपर्यंत रुंद करा. सावकाश वाळणारी दोन ट्यूबची इपॉक्सी (पाच मिनिटांची नको, ती उन्हात लवकर मऊ पडते) चकतीखाली भरा, भोकांतून पलीकडे येऊ द्या. वाळल्यावर प्रत्येक भोकात रिव्हेट तयार होतो. प्लास्टिकला चिकटो न चिकटो, तो निघत नाही. चकतीची निकेलची बाजू मात्र बारीक सँडपेपरने जेमतेम मळकट करायची. मुलामा खरवडला गेला तर आतला चुंबक गंजून भुगा होतो.

भोकं नको असतील तर पृष्ठभाग बदलावा लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा, 120 नंबरच्या पेपरने घासा, पुन्हा पुसा आणि पूर्ण वाळू द्या. ओल्या अल्कोहोलजवळ आग नको. मग छोट्या ब्यूटेन टॉर्चच्या निळ्या ज्योतीचं टोक भराभर फिरवा, एका जागी सेकंदभरही थांबायचं नाही. प्लास्टिक चमकायला लागलं म्हणजे वितळलं. पाण्याचा थेंब टाकून बघा: गोळा न होता पसरला तर जमलं. थेंब टिपून घ्या, बोट लावू नका आणि अर्ध्या तासात गोंद लावा. पॉलिओलेफिन (म्हणजे पीपी-पॉलिथिनसारख्या प्लास्टिकसाठीचा) प्रायमर आणि सुपरग्लूची जोडीही चालते, पण तो सांधा ठिसूळ. 50 अंशांच्या फरकात 20 मिमी चकतीखालचं पीपी तिच्यापेक्षा साधारण 0.1 मिमी जास्त पसरतं, आणि सुपरग्लूला तेवढं पुरतं. पैसे खर्चायची तयारी असेल तर पीपीसाठीच बनवलेला दोन घटकांचा अ‍ॅक्रिलिक गोंद, जसा थ्रीएमचा डीपी 8005, घासणं-जाळणं न करताही धरतो.

गोंद ओला असताना शेजारचे चुंबक एकमेकांवर झेपावतात. डब्याखाली जुना लोखंडी तवा ठेवा, मध्ये पॉलिथिनची पिशवी. तवा चुंबकांना जागेवर ओढून धरतो, सांडलेला गोंद पिशवीला चिकटत नाही. 24 तास हलवू नका.

नवीन सामानच घेणार असाल तर यातलं काहीच करू नका. रबराचं आवरण असलेले 43 मिमीचे, एम4 आट्याचे (4 मिमीचा स्क्रू बसणारे) चुंबक घ्या, मोठा वॉशर घालून स्क्रूने कसा. वर दोन, खाली एक. किंवा 90 मिमीच्या पीव्हीसी पाइपचा तुकडा आणि एंड कॅप (पाइपचं तोंड बंद करणारं झाकण) वापरा. पीव्हीसीवर इपॉक्सी नीट घासून लावली की धरते, फक्त चुंबकांसाठी मागे एक सपाट पट्टी जोडावी लागते.

होल्डर काढताना सरळ ओढायचा नाही, एका कडेने तिरका करून उचलायचा. सुट्या चकत्या लहान मुलांच्या हाती लागू देऊ नका: दोन गिळल्या गेल्या तर आतड्यात एकमेकींना धरतात आणि मामला थेट ऑपरेशनवर जातो.