जुने पेपर सोडवून विद्युतचुंबकत्वाची तयारी: माझा अनुभव

जुने पेपर हाती आले की उत्तरं शेजारी ठेवून वाचत जायचा मोह होतो. या विषयात तो फार महागात पडतो. गाऊसच्या नियमाचं (बंद पृष्ठातून जाणारं विद्युतक्षेत्र आणि आतला भार यांचं नातं) उत्तर चार ओळींचं असतं, वाचताना प्रत्येक ओळ पटते. अवघड असतं ते पहिल्या ओळीच्या आधीचं: सममिती कुठली, पृष्ठ कसं घ्यायचं, की हा नियम इथे कामाचाच नाही.

म्हणून पाच पेपर मिळाले तर सर्वांत नवे दोन मी न बघता बाजूला ठेवतो. उरलेल्या तिनांतल्या प्रत्येक प्रश्नाला आधी फक्त तीन मिनिटं देतो. आकृती, सममिती, कुठला नियम आणि तोच का. इंटिग्रेशनला हात लावायचा नाही. तासाभरात वीसेक प्रश्न होतात आणि आपण कुठे फसतो ते उघडं पडतं. मर्यादित लांबीच्या तारेला अँपिअरचा नियम (बंद वाटेभोवतीचं चुंबकीय क्षेत्र आणि तिच्यातून जाणारा प्रवाह यांचं नातं) लावणं ही त्यातली नेहमीची चूक. तो नियम बंद परिपथात सतत वाहणाऱ्या प्रवाहाचा आहे; तुटक तुकड्याला बायो-सावारचा नियमच लागतो, म्हणजे तारेच्या प्रत्येक छोट्या भागाच्या क्षेत्राची बेरीज.

असं केलं की एकच प्रश्न किती वेषांत येतो तेही कळतं. एकसमान भारित गोल, त्यात केंद्राबाहेर एक गोल पोकळी, पोकळीतलं क्षेत्र काढा. सममिती दिसत नाही, म्हणून बरेच जण सोडून देतात. पूर्ण गोल घ्या आणि पोकळीच्या जागी उलट भाराचा छोटा गोल त्यावर ठेवा. दोन्ही क्षेत्रांची बेरीज केली की जागेवर अवलंबून असलेले भाग कटतात. उरतं रो (भाराची घनता) गुणिले केंद्रांमधलं सदिश अंतर, भागिले ३ एप्सिलॉन-शून्य (निर्वाताचा विद्युत स्थिरांक), म्हणजे पोकळीभर तेच. लांब दंडगोलात ३ च्या जागी २ येतो. प्रवाह वाहणाऱ्या जाड तारेत अक्षाबाहेर लांब भोक असलं तरी युक्ती हीच, फक्त चुंबकीय क्षेत्र त्या अंतराला लंब निघतं.

मग पूर्ण सोडवणं आणि चुकांची वही. वहीत नुसतं 'चिन्ह चुकलं' लिहून काही उपयोग नाही, का चुकलं ते हवं. माझ्या वहीतली वारंवार येणारी नोंद प्रतिमा-भाराची आहे, म्हणजे धातूच्या पत्र्याऐवजी त्याच्या मागे आरशातल्यासारखा कल्पिलेला उलट भार. जमिनीला जोडलेल्या पत्र्यासमोरच्या भारावरचं बल दोन खऱ्या भारांसारखंच काढता येतं, ऊर्जा मात्र निम्मीच निघते. भार हलवताना प्रतिमा आपोआप सरकते, तिच्यासाठी वेगळं कार्य लागत नाही. तशीच दुसरी नोंद: कपॅसिटरमध्ये डायइलेक्ट्रिक (विद्युतरोधक पदार्थ, त्याचा स्थिरांक के) पूर्ण भरताना बॅटरी जोडलेली असेल तर साठलेली ऊर्जा के पट होते, काढलेली असेल तर के पट घटते. प्रश्नातला तो एक शब्द अधोरेखित केल्याशिवाय मी पुढे जात नाही.

उत्तर ताडून बघण्याआधी एकक आणि टोकाची स्थिती तपासतो. फार लांबून मर्यादित लांबीची भारित तार बिंदुभारासारखी वागायलाच हवी. फार जुन्या पेपरांत गाऊस पद्धतीची एककं असतात. सूत्रांत ४ पाय आणि सी (प्रकाशाचा वेग) अचानक दिसले तर आधी एकक पद्धत बघा.

बाजूला ठेवलेले दोन पेपर शेवटच्या आठवड्यात, घड्याळ लावून, वही बंद. एकूण मिनिटांना गुणांनी भागलं की प्रत्येक गुणाला किती वेळ ते ठरतं. तेवढा संपला की अर्ध्यावर सोडून पुढचा प्रश्न.