तुम्ही विचारलंत म्हणून: बीटल्सच्या आधी इंग्लंडमध्ये काय वाजत होतं?

बीटल्सचा विषय निघाला की हा प्रश्न हमखास येतो: त्यांच्या आधी इंग्लंडमध्ये रॉक अँड रोल होतं का, आणि असलं तर त्या पोरांनी वाद्यं आणली कुठून? यातला दुसरा प्रश्न मला जास्त मोलाचा वाटतो. वाद्यं कशी मिळाली हे कळलं की संगीत तसं का झालं हेही कळतं.

महायुद्धानंतर ब्रिटनच्या तिजोरीत डॉलर नव्हते. ते वाचवायला सरकारने १९५१ मध्ये अमेरिकन वाद्यांच्या आयातीवर बंदी घातली आणि ती १९५९ पर्यंत टिकली. म्हणजे एल्व्हिसची तबकडी विकत मिळायची, पण तबकडीवर वाजणारी गिटार मिळायची नाही. ब्रिटिश रॉक अँड रोलचा पहिला आवाज या टंचाईतून घडला, असं माझं ठाम मत आहे. अमेरिकेची नक्कल करायची इच्छा सगळ्यांनाच होती; साधनंच तशी नसल्यामुळे नक्कल वेगळी झाली.

सुरुवात जॅझच्या मध्यंतरात झाली. केन कॉल्यर आणि पुढे ख्रिस बार्बर यांच्या वाद्यवृंदात ट्रम्पेट-ट्रॉम्बोनवाल्यांच्या ओठांना विसावा लागायचा. तेवढ्या वेळात बँजोवाला लॉनी डोनेगन गिटार घेऊन दोघातिघांसह अमेरिकन लोकगीतं गायचा. हेच स्किफल. १३ जुलै १९५४ रोजी बार्बरच्या तबकडीसाठी ध्वनिमुद्रण करताना 'रॉक आयलंड लाइन' असंच उरकलं: डोनेगन गिटारवर, बार्बर उभ्या बेसवर (माणसाएवढं, खालच्या सुरांचं तंतुवाद्य), बेरिल ब्रायडन कपडे घासायच्या वॉशबोर्डवर. १९५५ च्या अखेरीस ते सुटं निघालं, १९५६ च्या सुरुवातीला ब्रिटनच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत आठव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि देशभरच्या पोरांना उमगलं की तीन कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) येत असतील तर आपणही उभे राहू शकतो.

गिटार एकाला मिळायची. उभा बेस मात्र महाग, अवजड आणि शिकायला कठीण. त्याची जागा चहाच्या खोक्याने घेतली. आसाम, दार्जिलिंग आणि सिलोनचा चहा त्या काळी पातळ प्लायवूडच्या खोक्यांतून लंडन-लिव्हरपूलच्या गोद्यांत उतरायचा. रिकामी खोकी वाण्याकडे आणि घरसामान हलवणाऱ्यांकडे पडून असायची. आतल्या कोपऱ्यांना लाकडी रिपा, कडांना पत्र्याची पट्टी, आत चंदेरी कागद. प्लाय इतकं पातळ की टिचकी मारली तरी घुमायचं, आणि हवं होतं नेमकं तेच.

हा बेस आजही घरी करता येतो. चहा आता कागदी गोण्यांतून जातो, त्यामुळे खोकं स्वतःच करावं लागतं: ४ मिमी प्लाय, १८ बाय १८ इंचांचा तळ, उंची २४ इंच, आतून इंचभर जाडीच्या रिपा. जाड प्लाय घेऊ नका. १२ मिमीचं खोकं भक्कम होतं पण मुकं राहतं. खोकं उपडं ठेवा. वर आलेल्या तळाच्या बरोबर मध्यावर दोरी जाईल एवढंच भोक पाडा. दोरी थेट गाठ मारून ओढली तर गाठ प्लाय फाडून वर येते, पहिल्या तासाभरातच. म्हणून आतून तीन इंचांचा प्लायचा चौकोनी तुकडा सरसाने चिकटवा, त्यावर लोखंडी वॉशर, आणि मग गाठ.

दांडा चार फुटांचा, मॉपचा किंवा फावड्याचा, लाकडीच. त्याच्या खालच्या टोकाला खाच पाडा, म्हणजे तो खोक्याच्या कडेवर बसेल आणि घसरणार नाही. दोरी वरच्या टोकाला बांधताना दांडा किंचित आत कललेला हवा. दोरी सैल राहिली तर सूर नाही, आधीच ताठ बांधली तर वर जायला जागा नाही. सुतळी तेव्हा सर्रास वापरत, पण ती ताणाने लांबते आणि दमट हवेत तिचा ताण बदलतो. तीनेक मिमीची विणलेली नायलॉनची दोरी बरी. तीही सुरुवातीला ताण खाते, म्हणून रात्रभर ताणून ठेवा आणि सकाळी परत बांधा.

सूर बदलतो दांडा मागे ओढून. इथे एक हिशेब माहीत असला की बरीच धडपड वाचते: दोरीची लांबी तीच ठेवून सूर दुप्पट उंच न्यायचा तर ताण चौपट लागतो. षड्जावरून मध्यमावर जायला ताण पावणेदोन पटीहून थोडा जास्त, पंचमासाठी सव्वादोन पट. म्हणून तार षड्जापर्यंत ओढायला जाऊ नका. तिथे दांडा तरी मोडतो नाहीतर तळ तरी फाटतो. तशी गरजही नसते. स्किफलमधली बहुतेक गाणी तीन कॉर्डची, आणि त्यांचे मूळ सूर सा, म आणि प एवढेच. हात या तीन जागांवर बसला की झालं. नुसत्या डोळ्यांनी दांड्याचा कोन मोजू नका, गिटारवाल्याचा सूर ऐकत ओढा.

उरलेल्या तक्रारी नेहमीच्याच. आवाज दबका येत असेल तर खोकं जमिनीला सगळीकडून टेकलंय. एका कडेखाली विटेचा तुकडा सरकवा आणि समोरच्या कडेवर पाय ठेवून ते दाबून धरा. झिणझिण येत असेल तर कुठलातरी खिळा किंवा पट्टी सैल आहे. जुनं खोकं मिळालं असेल तर आतला चंदेरी कागद आधी सोलून काढा. बोटांना फोड येणारच, तेव्हा चामड्याचा हातमोजा किंवा कापडी चिकटपट्टी.

वॉशबोर्ड म्हणजे कपडे घासायची जस्ताची पन्हळी फळी. शिलाई सामानाच्या दुकानातली धातूची अंगुस्तानं बोटांत घालून ती खरवडायची. अंगुस्तान घट्ट बसलं पाहिजे, नाहीतर तिसऱ्या गाण्याला ते श्रोत्यांत उडतं. आत चिकटपट्टीचा एक वेढा पुरतो. ठोका दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर, मधल्या जागा हलक्या खरवडीने भरायच्या. छपराचा पन्हळी पत्रा इथे चालत नाही, त्याच्या लाटा फार रुंद.

गिटारची कथा दुःखाची होती. बीटल्सच्या जॉन लेननची पहिली गिटार दक्षिण आफ्रिकेत बनलेली गॅलोटोन चॅम्पियन; आत चिठ्ठीवर 'तडकणार नाही' अशी हमी छापलेली. तो आईने शिकवलेल्या बँजोच्या कॉर्ड गिटारवर धरायचा. अशा स्वस्त गिटारींची दांडी तारांच्या ओढीने वाकते आणि तारा फ्रेटपासून (दांडीवरच्या आडव्या धातूच्या पट्ट्या) इतक्या वर उचलल्या जातात की दाबताना बोटं सोलतात. तपासायचं कसं? सहावी तार पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर एकाच वेळी दाबा आणि सातव्या फ्रेटपाशी बघा. तिथे पातळ कार्डाएवढी फट ठीक. त्याहून जास्त असेल तर दांडी वाकलीय. दांडीत तिला सरळ ठेवणारी सळई नसेल तर हलक्या तारा लावणं हाच उपाय, आणि हलक्या तारा त्या काळी तिथे सहज मिळत नव्हत्या. बर्ट वीडन या गिटारवादकाचं एका दिवसात गिटार शिकवण्याचं आश्वासन देणारं पुस्तक १९५७ मध्ये आलं आणि पुढच्या कितीतरी नामवंतांनी पहिली कॉर्ड त्यातून धरली.

या सगळ्यांना एक जागा लागत होती. ती लंडनच्या सोहो भागात, ५९ ओल्ड कॉम्प्टन स्ट्रीटवर मिळाली: टू आइज कॉफी बार. आधीचे मालक इराणी आडनावाचे भाऊ, नाव त्यांच्या आडनावातल्या 'I' (आय) या अक्षरावरून पडलेलं. १९५६ मध्ये पॉल लिंकन आणि रे हंटर या कुस्तीगिरांनी तो चालवायला घेतला आणि तळघरात गाणी सुरू झाली. गायक टॉमी स्टील तिथेच हेरला गेला. १९५८ मध्ये न्यूकॅसलहून आलेले गिटारवादक हँक मार्विन आणि ब्रूस वेल्च तिथेच वाजवत होते, आणि त्याच वर्षी ते गायक क्लिफ रिचर्डच्या साथीला गेले. क्लिफ म्हणजे हॅरी वेब, जन्म लखनौचा, १९४० चा. कुटुंब १९४८ मध्ये इंग्लंडला गेलं.

क्लिफचं 'मूव्ह इट' हे ब्रिटनमधलं पहिलं अस्सल रॉक अँड रोल, असं बरेच जाणकार मानतात आणि मीही मानतो. २४ जुलै १९५८ रोजी अॅबी रोडच्या स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं, तेही तबकडीच्या मागच्या बाजूसाठी! क्लिफच्या बँडमधल्या इयन सॅमवेलने ते बसमध्ये लिहिलं होतं. निर्माता नॉरी पॅरामोरची पसंती दुसऱ्या गाण्याला. दूरचित्रवाणीवरच्या जॅक गुडने हट्ट धरला म्हणून ते पुढे आलं. सुरुवातीचा गिटारचा तुकडा मात्र क्लिफच्या पोरांपैकी कुणाचा नाही. पॅरामोरने आणलेल्या अर्नी शिअर या मुरलेल्या वादकाचा तो, जर्मन बनावटीच्या हॉफनर गिटारवर. डॉलर लागत नसल्याने जर्मन आणि चेक गिटारी तेवढ्या येत होत्या.

बंदी १९५९ मध्ये उठली आणि चित्र वर्षभरात पालटलं. क्लिफने अमेरिकेतून मागवलेली लाल फेंडर स्ट्रॅटोकास्टर हँकच्या हाती आली. तोवर तो अँटोरिया नावाची जपानी गिटार वाजवत होता. सोबतीला डार्टफर्डच्या जेनिंग्ज कंपनीचा, गिटारचा आवाज वाढवणारा व्हॉक्स अँप: आधी एसी-१५, दोन ईएल-८४ व्हॉल्व्हचा, १५ वॅटचा. मुलींच्या किंचाळण्यात तो बुडायला लागला तेव्हा चार व्हॉल्व्ह आणि दोन स्पीकरांचा एसी-३० आला. आणि गिटारवादक जो ब्राउनकडून मिळालेलं इटालियन मिआत्झी प्रतिध्वनी यंत्र. या तीन गोष्टींतून हँकच्या शॅडोज बँडची १९६० ची गायकाविनाची धून 'अपाची' झाली. पाच आठवडे पहिल्या क्रमांकावर.

तो आवाज घरी काढायचा असेल तर सगळ्यांत मोठी चूक म्हणजे पातळ तारा. हँकच्या तारा जाड होत्या, तिसरीही गुंडाळीची. १२ चा संच (सगळ्यांत पातळ तार ०.०१२ इंचांची) लावा, तारा जिथे गिटारच्या अंगाला टेकतात त्या ब्रिजजवळचा पिकअप (तारेचा सूर टिपणारा भाग) निवडा, अँप स्वच्छ ठेवा. प्रतिध्वनी दोन-तीनदाच यावा आणि मूळ सुराच्या तिसऱ्या हिश्श्याहून मोठा नसावा. जास्त केला की धून चिखलात रुतते. ट्रेमोलोचा दांडा तळहातात धरूनच तारा छेडायच्या, म्हणजे सुराच्या शेवटी त्याला हलकेच हलवता येतं. वेगात वाजवण्याचा मोह टाळा, सूर पूर्ण वाजू द्या.

फरक कानांनीच समजून घ्यायचा असेल तर हेडफोन लावून १९५४, १९५८ आणि १९६० ची ही तीन ध्वनिमुद्रणं ओळीने ऐका, आणि गायक-गिटारकडे दुर्लक्ष करून फक्त बेसवर लक्ष ठेवा. पहिल्यात बार्बरचा उभा बेस, ज्याच्या जागी पोरांनी खोकं आणलं. दुसऱ्यातही फ्रँक क्लार्कचा उभा बेसच, सूर येतो आणि लगेच विरतो. तिसऱ्यात शॅडोजच्या जेट हॅरिसचा इलेक्ट्रिक बेस. सूर लांब टिकतो, ढोलापेक्षा वेगळा ओळखू येतो. तो बेस हप्त्याने मिळायला लागल्यावर खोकं वाजवणाऱ्याला बँडमध्ये जागा उरली नाही.