रविवारी नऊच्या आत

गेल्या महिन्यात डब्लिनहून धाकटीचा फोन आला. ती तिथं नर्स आहे. सुट्टीत मैत्रिणींबरोबर आयर्लंडमधल्याच डोनेगल भागात गेली होती आणि ग्लीब हाउस नावाचा चित्रसंग्रह बघून नुकतीच बाहेर पडली होती. "पप्पा, तुमच्यातलाच एक माणूस सापडलाय हितं," म्हणाली. आवाजावरून कळत होतं, भर वाऱ्यात उभी आहे.

माणसाचं नाव जेम्स डिक्सन. जन्म १८८७, मृत्यू १९७०. डोनेगलच्या किनाऱ्यासमोर समुद्रात टोरी नावाचं बेट आहे, तिथं मासेमारी आणि थोडी शेती करणारा. १९५० नंतरच्या काळात डेरेक हिल हा इंग्रज चित्रकार त्या बेटावर चित्रं काढायला यायचा. डिक्सननं एकदा त्याचं काम बघितलं आणि सांगून टाकलं, यापेक्षा बरं मी काढीन. तेव्हा तो सत्तरीला आला होता. हिलनं त्याला रंग दिले, कागद दिला. ब्रशही देऊ केले, ते मात्र यानं घेतले नाहीत. गाढवाच्या शेपटीच्या केसांचे स्वतः बनवले, आणि मग शेवटपर्यंत आपल्या बेटाचीच चित्रं काढत राहिला. बोटी, वादळं, घरं.

फोन ठेवला तरी माझ्या डोक्यातून ती गाढवाची शेपटी जाईना.

मी पॅटर्नमेकर. उद्यमनगरात एका शॉपमध्ये १९८१ साली, सतराव्या वर्षी लागलो. इंटरमीजिएट ड्रॉइंगला बी ग्रेड होती आणि पुढं चित्रकलाच शिकायची असं मनात पक्कं होतं. वडील सुतारकाम करायचे. ते एवढंच म्हणाले, "चितरं काढाय कोण नगं म्हणतंय? पर पोटाचं काम हातात असू दे. बाबूराव पेंटर पण मेस्त्रीच हुते की." बाबूरावांचं नाव आमच्या घरात फार घेतलं जायचं. नाटकांचे पडदे रंगवणारा माणूस स्वतःचा सिनेमाचा कॅमेरा तयार करतो आणि १९२० साली 'सैरंध्री' पडद्यावर आणतो, हे कोल्हापुरातल्या प्रत्येक कारागिराला आपल्या घरचं वाटतं. वडिलांचा मला तेव्हा राग आला होता. आता येत नाही.

पॅटर्न म्हणजे काय, ते थोडं सांगतो. पंपाची बॉडी, व्हॉल्व्ह, गिअरचं घर, काहीही बिडात, म्हणजे ओतीव लोखंडात, ओतायचं तर आधी तसाच लाकडी नमुना लागतो. तो वाळूत दाबून काढला की जी पोकळी राहते, तिच्यात रस ओतायचा. पण बीड थंड होताना आकसतं. म्हणून नमुना मूळ मापापेक्षा मोठा करायचा, मीटरमागं साधारण १० मिलिमीटर. त्यासाठी आमच्याकडं वेगळी पट्टी असते. तिच्यावरचा सेंटिमीटर खऱ्या सेंटिमीटरपेक्षा किंचित मोठा असतो. नवीन पोराला पहिले सहा महिने हेच शिकवायचं: तू करतोयस ते शेवटचं माप नव्हे, शेवटचं माप थंड झाल्यावर.

जलरंगाचं कोडं मला इथंच सुटलं. पहिली तीन-चार वर्षं माझी सगळी चित्रं वाळली की फिकट, मेलेली दिसायची. ओलं असताना रंकाळ्याचं पाणी कसं गच्च निळं-काळं दिसायचं, आणि घरी येईपर्यंत धुवट. शिकवायला कोणी नव्हतं. एके दिवशी शॉपमध्ये ती पट्टी हातात होती आणि लख्ख कळलं की रंगसुद्धा आकसतो. वाळताना एक पायरी खाली उतरतो. मग ओला असतानाच तेवढा जादा धरायचा. पुढच्या रविवारी संध्यामठाची सावली मी घाबरत घाबरत जरुरीपेक्षा गडद लावली. वाळली तेव्हा दगड दगडासारखा दिसला. ते चित्र अजून आहे, मागं तारीख आहे, ९ मार्च १९८६.

लग्नानंतर रविवारची वाटणी झाली. पहाटे साडेपाच ते नऊ माझे, पुढचा दिवस घराचा. बायकोची एकच अट होती, "नऊच्या आत मटण घरात पायजे." कोल्हापुरात रविवारचा रस्सा चुकवून चालत नाही हे बाहेरच्यांना सांगून पटणार नाही. तर येताना एका पिशवीत मटण आणि पाठीला बोर्ड, अशी माझी अनेक वर्षं गेली. त्या साडेतीन तासांमुळं माझा हात मात्र तयार झाला. वेळ मोजका असला की पहिला वॉश, म्हणजे पाण्यात पातळ केलेल्या रंगाचा हात, कुठं थांबवायचा हे आपोआप समजतं. उन्हाळ्यात वॉश डोळ्यांदेखत वाळतो, पावसाळ्यात अर्ध्या तासानंतरही कागद ओलाच. मग मी स्कूटर चालू करून कागद इंजिनाच्या बाजूला धरून उभा राहायचो. फिरायला येणारी माणसं बघून जायची. मुली लहान असताना दोघींना घेऊन जायचो. थोरली कंटाळायची, धाकटी मात्र ब्रश धुण्याचं पाणी बदलून आणायची. पाणी गढूळ झालं की न सांगता उठायची.

आबालाल रहिमान मुंबईच्या जे. जे. स्कूलमध्ये शिकून इथंच परत आले. शाहू महाराजांच्या दरबारात चित्रकार होते. त्यांची चित्रं मी पुन्हा पुन्हा बघितलीत. पाण्याच्या कडेला जिथं जमीन संपते तिथं ते काय करतात, तेवढंच बघायला जायचो. कडा नसतेच. ती जागा मला अजून जमलेली नाही.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेनं ४३ फुटांची धोका पातळी ओलांडली आणि पाणी वाढतच राहिलं. आम्ही तेव्हा शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळ राहत होतो. धान्य, कागदपत्रं, गॅस, टीव्ही वर चढवला आणि निघालो. पलंगाखालची ट्रंक माझ्या लक्षातच आली नाही. तिच्यात १९८८ पासूनची चित्रं होती. पाणी उतरल्यावर आलो तर ट्रंकेचं झाकण गाळानं चिकटलेलं. पटाशीनं उघडलं. कागदांचा एकच ठोकळा झाला होता.

मी बाहेर कट्ट्यावर जाऊन बसलो. बायको आत गेली. तिनं बादलीत स्वच्छ पाणी घेतलं, तो ठोकळा त्यात ठेवला आणि उलथण्याच्या टोकानं एकेक कागद सोडवला. गल्लीत सगळ्यांच्या दोऱ्यांवर गाद्या, साड्या, दप्तरं वाळत होती. आमच्या दोरीवर चिमट्यांनी अडकवलेली चित्रं. बहुतेकांवरचा रंग धुऊन गेलेला, नुसती पेन्सिलची रेघ उरलेली. सतरा चित्रं ओळखू येत होती. त्यातल्या एकावर, राजघाटाच्या चित्रावर, मधोमध आडवी तपकिरी रेघ आहे, खाली गाळाची साय. ते तिनं फ्रेम करून घेतलं, मला न विचारता. मी ते काढून ठेवायला सांगितलं होतं. आज ते स्वयंपाकघरात आहे आणि मला तिथंच ते बरोबर वाटतं.

दोन वर्षांपूर्वी दसरा चौकात शाहू स्मारकच्या कलादालनात आम्ही सहा जणांनी मिळून प्रदर्शन केलं. सगळे नोकरी-धंद्यातले. विक्री फारशी झाली नाही. आमच्या फाउंड्रीतले एक जुने मोल्डर, वाळूचे साचे करणारे, आले होते, चप्पल बाहेर काढून. कोटितीर्थाच्या चित्रासमोर थांबले ते थांबलेच. मग म्हणाले, "हितं मी पवायला शिकलोय मिस्त्री." आणि कुठल्या दगडावरून उडी मारायचो ते बोटानं दाखवलं. मी काढलेल्या दगडावर.

आता निवृत्त होऊन चार महिने झाले. सगळे वार मोकळे आहेत, पण सोमवारी बोर्ड घेऊन बसलो तर हात चालेना.

बेंदराला मेहुण्याच्या गावी, करवीर तालुक्यात गेलो होतो. बैल धुऊन, शिंगं रंगवून झाली होती. मी त्याला म्हटलं, शेपटीचे थोडे केस देतोस काय. "कशाला वो दाजी?" म्हणाला, पण कात्रीनं झुपका कापून दिला. घरी आणून साबणानं धुतला, टोकं एका रेषेत लावली, दोऱ्यानं आवळून लाखेत बुडवला आणि सागवानी दांड्यात बसवला. दांडा मात्र मन लावून केला, पॉलिश पेपर मारून. पाणी धरत नाही हा ब्रश. वॉशसाठी उपयोग शून्य. पण जवळजवळ कोरडा करून ओढला की केस फाकतात आणि एका फटक्यात दहा-बारा रेघा उमटतात, टोकाला वाकलेल्या. उसाच्या पात्यांसारख्या. चाळीस वर्षं मी पाती एकेक करून काढत होतो.

धाकटीला व्हिडिओ कॉलवर दाखवला. ती म्हणाली, "पप्पा, रविवारी ह्यानंच काढा."

या रविवारी कळंब्याच्या बाजूच्या उसात बसलो होतो. आठ वाजून चाळीस मिनिटांनी फोन वाजला. मटण अर्धा किलो जास्त आणा, थोरली जेवायला येतीय.