समुद्र न पाहिलेल्या वर्गात महासागर

माझी शाळा बीड जिल्ह्यातली, जिल्हा परिषदेची. सहावीत समुद्र डोळ्यांनी पाहिलेली पोरं बोटांवर मोजण्याइतकी. महासागरांचा पाठ आला की पाच नावं पाठ होतात, पृथ्वीचा ७१ टक्के भाग पाण्याखाली आहे हेही तोंडपाठ होतं आणि आपण पुढच्या पाठाकडे वळतो. यंदा त्याच पाठाभोवती गटकामाचा उपक्रम आखला.

वेळ मुद्दाम दिवाळीनंतरची ठेवली. माझी डीएडची मैत्रीण रत्नागिरी जिल्ह्यातल्या हर्णैला असते आणि तिथल्या बंदरावरचा माशांचा लिलाव मुलांना ऐकवायचा होता. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना मासेमारी बंद, म्हणजे शाळा सुरू होते तेव्हा बंदर शांत असतं.

खरा वेळ गेला तो व्हिडिओ निवडण्यात. शोधायला बसलं की देवमासे, शार्क, प्रवाळ यांचा पूर येतो. मुलं 'बापरे' म्हणतात, तास संपतो, वहीत काहीच उतरत नाही. म्हणून तीन-चार मिनिटांचेच तुकडे घेतले आणि आवाज बंद करून दाखवले. निवेदन गटाने लिहायचं. सगळं आदल्या रात्री पेनड्राइव्हवर, कारण शाळेत रेंजचा भरवसा नाही. लाइटचा तर त्याहून नाही.

गटकामातली नेहमीची कटकट म्हणजे एक हुशार पोरगी सगळं करते आणि बाकीचे कडेला रंग भरत बसतात. यावर साधा उपाय केला. काम कुणीही करा, सांगायला कोण उभं राहणार ते ऐनवेळी चिठ्ठी काढून ठरेल. मग त्या हुशार पोरीच बाकीच्यांना शिकवायला लागल्या.

समुद्राची खोली दाखवणाऱ्या गटाने भिंतीवर कागदी पट्टी लावली, १ सेंटिमीटर म्हणजे १०० मीटर. महासागरांची सरासरी खोली ३७ सेंटिमीटरवर आली. समुद्रातल्या सगळ्यात खोल जागेचा, मरियाना गर्तेचा तळ १०९ च्या आसपास, म्हणजे पट्टी पार फळ्याखाली. कळसूबाई उलटं धरलं तर जेमतेम साडेसोळा, एव्हरेस्ट साडेअठ्ठ्याऐंशी. "मॅडम, एव्हरेस्ट बुडलं की ओ!" पण मला आवडली ती सगळ्यात वरची पिवळी पट्टी. ती फक्त दोन सेंटिमीटरची. भरपूर सूर्यप्रकाश मिळतो तो एवढ्याच थराला, साधारण २०० मीटरपर्यंत. खाली सगळा काळा कागद. तो रंगवताना दोन स्केचपेनं संपली.

मिठाच्या गटाने लिटरभर पाण्यात ३५ ग्रॅम मीठ विरघळवलं, समुद्राच्या पाण्यात सरासरी तेवढंच असतं. अंडं तरंगणार अशी पैज लागली होती. ते बुडालं! मग चमचा चमचा मीठ वाढवत गेले, तिपटीच्या वर गेल्यावर कुठे अंडं वर आलं. मृत समुद्र त्याच्या कितीतरी पुढे, महासागराच्या जवळपास दहापट खारट. त्यात माणूस का तरंगतो हे वेगळं शिकवावं लागलं नाही.

मैत्रिणीचे व्हॉइस मेसेज मात्र सगळ्यांवर कडी करून गेले. लिलावाचा कलकलाट, मागे वारा, आणि मधेच ती म्हणते, "काल या वेळेला भरती होती, आज अजून चढतंय पाणी." लगेच प्रश्न आला, रोज वेळ का बदलते? पाठ्यपुस्तकात भरती-ओहोटी सातवीला आहे, पण प्रश्न आत्ता आला होता. रत्नागिरीच्या भरतीच्या वेळा काढून दिल्या, मुलांनी आलेखाच्या कागदावर मांडल्या. भरती रोज सरासरी ५० मिनिटं पुढे सरकते हे त्यांनीच काढलं. कारणासाठी दोघं अंगणात उभी केली, एक पृथ्वी, एक चंद्र. पृथ्वीची गिरकी पूर्ण होईतो चंद्र थोडा पुढे गेलेला, त्याला गाठायला पृथ्वीला आणखी वळावं लागतं.

गुण देताना चित्रांना कमी आणि प्रश्नांना जास्त ठेवले. प्रत्येक गटाने उत्तर न सापडलेला एक प्रश्न लिहून द्यायचा होता. मिठाच्या गटाचा होता: नद्या गोडं पाणी आणतात, तरी समुद्र खारटच कसा? त्यावर पुढचा तास घेतला.